मुलाच्या हाती पुस्तक द्या

(विहारात भरलेल्या पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी व्यवसायाने वकील असल्यामुळे आज मी दाखले, सवलती आणि कोर्टकचेरी यांविषयी बोलावे, अशी तुमच्यापैकी पुष्कळांची अपेक्षा असेल. त्या विषयांवर मी पूर्वी बोललो आहे व पुढेही बोलेन. परंतु आज मी मुलांच्या वाचनाविषयी बोलणार आहे. वकिलाला या विषयात लक्ष घालावेसे का वाटले, हे प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक विधवा भगिनी माझ्या कचेरीत आली. तिच्याबरोबर सातवीत शिकणारा तिचा मुलगा होता. सासऱ्याच्या मृत्यूनंतर शेतजमिनीच्या वारसनोंदीत मायलेकरांची नावे वगळली गेली होती. फेरफाराची नोटीस तिच्या घरी येऊन पोहोचली होती. हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावी, असे त्या नोटिशीत स्पष्ट लिहिले होते. बाईंना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी तो कागद मुलाच्या हाती दिला. मुलाने एकेक अक्षर लावीत तो शेवटपर्यंत वाचला आणि आईला सांगितले, "सरकारी कागद आहे, आजोबांचे नाव आहे." कागद फळीवर गेला. माझ्यापर्यंत तो आला तेव्हा दोन महिने लोटले होते आणि नोंद कायम झाली होती. मग अपील, झालेल्या विलंबाबद्दल माफीचा अर्ज, तारखांवर तारखा, असे सारे ओघाने आले. नावे लागली, पण त्यासाठी दोन वर्षे गेली आणि त्या बाईंच्या दोन वर्षांच्या मजुरीचा मोठा भाग गेला.

त्या दिवशी मी मुलाकडून तोच कागद पुन्हा वाचून घेतला. अक्षर त्याने एकही चुकवले नाही. परंतु वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत वाक्याचा आरंभ तो विसरून जात होता. 'हरकत' म्हणजे काय, 'मुदत' म्हणजे काय, असे विचारले तेव्हा तो खाली मान घालून उभा राहिला. मुलगा मंदबुद्धीचा मुळीच नव्हता. सात वर्षे तो नेमाने शाळेत गेला होता. पण पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक त्याने आयुष्यात हाती धरले नव्हते. घरात पुस्तक नव्हते आणि शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप होते. घरात एक वस्तू मात्र होती. आईचा मोबाइल होता, आणि माझ्याशी बोलणे चालले असतानाही तो त्या मुलाच्या हातात होता.

त्याच मोबाइलमध्ये त्या मुलाच्या वाचनासाठी एक मोठे ग्रंथालय उघडे होते आणि त्याची वार्ता त्या घरापर्यंत कोणी पोहोचवली नव्हती. ती वार्ता तुमच्या घरापर्यंत पोहोचवावी, हाच आजच्या भाषणाचा उद्देश आहे.

अक्षरओळख आणि वाचन

हा एका मुलाचा प्रश्न नाही. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची पाहणी करणारा 'असर' नावाचा अहवाल प्रसिद्ध होत असतो. २०२४ च्या अहवालाप्रमाणे सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले ४४.८ टक्के होती. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर झालेल्या २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण ३८.५ टक्के होते. सुधारणा झाली ही गोष्ट खरी, तरीही अर्ध्याहून अधिक मुले पाचवीत असूनही दुसरीचा धडा वाचू शकत नव्हती. ज्या घरी पुस्तके आहेत आणि आईबाप शिकलेले आहेत, तेथे शाळेची उणीव घर भरून काढते. जेथे शिकणारी पिढीच पहिली किंवा दुसरी आहे, तेथे ती उणीव तशीच राहते. अशी घरे कोणाची आहेत, हे तुम्हांला मी सांगावयास नको.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. १४ ते १६ या वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. ज्या मुलांना तो वापरता येत होता त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्याचा अभ्यासाच्या कामी उपयोग केला होता आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के मुलांनी केला होता. तेव्हा साधन घरात आलेले आहे. त्याचा उपयोग कसा करून घ्यावयाचा, हे ठरविणे आता आपल्या हाती आहे.

एका पुस्तकाची भेट

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या बालपणीची एक हकीकत सांगितली आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला आणि त्या सभेत दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याच्या हातात एक पुस्तक ठेवले. त्या पुस्तकाने त्या मुलाच्या मनावर केवढा परिणाम केला, हे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. वडील रामजी सुभेदारांनी मुलाच्या वाचनासाठी काय काय सोसले, हेही आपणां सर्वांना ठाऊक आहे.

त्या काळी पुस्तक मिळणे ही भाग्याची गोष्ट होती. आज मुलांच्या वाचनाची हजारो पुस्तके एक पैसाही न देता मिळतात. तेव्हा 'पुस्तकाला पैसे कोठून आणावयाचे' ही सबब आपल्यापैकी बहुतेकांना आता पुढे करता येणार नाही.

काय मिळते व कोठे मिळते

पहिले ठिकाण आपल्या राज्याचेच आहे. पाठ्यपुस्तके काढणारी 'बालभारती' ही संस्था १९६७ साली स्थापन झाली. तिची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. मुलाचे पुस्तक फाटले, हरवले किंवा वर्ष सुरू होऊनही हाती आले नाही, तरी अभ्यास अडण्याचे कारण नाही. याच संस्थेचे 'किशोर' हे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक संस्थेने इंटरनेटवर मोफत वाचनासाठी ठेवले आहेत. मराठीतील नामवंत लेखकांनी मुलांसाठी लिहिलेल्या कथा, कविता आणि विज्ञानविषयक लेख यांचा एवढा साठा एका ठिकाणी दुसरीकडे क्वचितच मिळेल. पाचवीच्या पुढील मुलांना हे अंक अवश्य दाखवा.

दुसरे ठिकाण 'स्टोरीवीव्हर' हे होय. प्रथम बुक्स या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे जागतिक साक्षरता दिनी, ते सुरू केले. आज तेथे तीनशेहून अधिक भाषांतील चित्रकथा आहेत आणि त्यांत मराठीचा भरणा चांगला आहे. या कथांच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर मोठे चित्र आणि त्याखाली मोजके, पुन्हा पुन्हा येणारे शब्द असतात. चौथ्या पायरीवर मोठ्या व गुंतागुंतीच्या गोष्टी असतात. मुलाची इयत्ता पाहून पायरी निवडू नका, त्याचे वाचन पाहून निवडा. सहावीतल्या मुलाला पहिल्या पायरीवरून आरंभ करावा लागला तर त्यात कमीपणा मानू नये. तेथे शब्दच नसलेली, केवळ चित्रांची पुस्तकेही आहेत. ज्या मातेला वाचता येत नाही, ती असे पुस्तक समोर धरून स्वतःच्या शब्दांत मुलाला गोष्ट सांगू शकते.

तिसरा प्रकार ऐकत ऐकत वाचावयाच्या गोष्टींचा आहे. पडद्यावर जी भाषा ऐकू येते, त्याच भाषेत तिचे शब्द खाली उमटत राहावेत, म्हणजे पाहणारा नकळत वाचू लागतो, ही कल्पना अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास मांडली. पुढे दूरदर्शनवरील चित्रपटगीतांखाली अशा ओळी देऊन तिचा प्रयोग झाला. 'बुकबॉक्स' या संस्थेने याच तत्त्वावर मुलांच्या गोष्टींच्या चित्रफिती अनेक भाषांत काढल्या आहेत. तुमचे मूल चित्रफीत पाहणारच असेल, तर निदान अक्षरे चालती-बोलती असणारी चित्रफीत त्याने पाहावी.

चौथे ठिकाण मराठी 'विकिस्रोत' हे आहे. ज्या जुन्या ग्रंथांवर आता कोणाचा मालकीहक्क उरलेला नाही, असे ग्रंथ तेथे ठेवले जातात. बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे जे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले, त्यांतील इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवलेले आहेत. ते लहान मुलांचे वाचन नाही, परंतु घरातील महाविद्यालयीन मुलामुलींना ते ठाऊक असावे.

ज्यांचे मूल दृष्टिहीन आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' सुरू केले. छापील मजकूर ज्यांना वाचता येत नाही अशांसाठी तेथे ऐकण्याजोग्या व ब्रेलमध्ये उतरविण्याजोग्या स्वरूपात पुस्तके मिळतात. अंध मूल म्हणून त्याला पुस्तकापासून दूर ठेवण्याचे आता कारण नाही.

फुकट आहे, ते कायद्याने आहे

तुमच्यापैकी काहींच्या मनात शंका येईल की, फुकट मिळते म्हणजे त्यात काही काळेबेरे तर नाही ना? उद्या कोणी नोटीस तर पाठविणार नाही ना? आपल्या माणसांना कागदाचे भय फार, आणि ते भय उगाच उत्पन्न झालेले नाही. म्हणून ही बाजू नीट समजून घ्या.

१९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे त्याच्या लेखनाला संरक्षण देतो. ती मुदत संपली की ते लेखन सर्व समाजाचे होते. साने गुरुजी १९५० साली वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांना मोकळी झाली. धर्मानंद कोसंबी १९४७ साली वारले. त्यांचे 'बुद्धलीलासारसंग्रह' हे पुस्तक १ जानेवारी २००८ पासून मोकळे आहे. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून मोकळे झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली निघाला. मरणोत्तर ग्रंथाची मुदत प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात, म्हणून तो १ जानेवारी २०१८ पासून मोकळा झाला. मात्र मूळ ग्रंथ मोकळा झाला म्हणून त्याचा अनुवाद मोकळा होत नाही. अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो.

याउलट अण्णा भाऊ साठे १९६९ साली वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत चालेल. ती पुस्तके विकत घ्यावीत किंवा ग्रंथालयातून आणावीत. हयात लेखकाचे पुस्तक पानोपान छायाचित्रे काढून मोबाइलवरील गटांत वाटणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि त्यास किमान सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा सांगितली आहे. आपला माणूस पुस्तक लिहितो आणि आपणच ते चोरून वाटतो, ही गोष्ट कायद्याला धरून नाही आणि आपल्याला शोभतही नाही. शिक्षकाने शिकविण्याच्या ओघात विद्यार्थ्यांसाठी मजकुराच्या प्रती काढण्यास मात्र कायद्याने मुभा ठेवली आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली ही मुभा पुरेशी विस्तृत अर्थाने मान्य केली.

आता तिसरा प्रकार. लेखक किंवा प्रकाशक हयात असूनही तो स्वखुशीने सांगतो की, माझे हे पुस्तक घ्या, छापा, वाटा, तुमच्या भाषेत आणा. अशा जाहीर परवान्याला 'क्रिएटिव्ह कॉमन्स' म्हणतात. स्टोरीवीव्हरवरील कथा अशाच परवान्याखाली येतात. त्याची मुख्य अट एवढीच की, लेखक, चित्रकार व प्रकाशक यांची नावे आणि परवान्याचा उल्लेख राखावा, आणि काही बदल केला असल्यास तसे सांगावे. ही अट पाळून विहाराने त्या गोष्टी छापल्या, शिवल्या आणि वस्तीत वाटल्या, तर कोणीही तुम्हांला अडवू शकत नाही. तो परवाना तुमच्या हातातील हक्काचा कागद आहे, असे समजा.

म्हणून माझी सूचना अशी आहे. प्रत्येक विहारात एका तरुणाने किंवा तरुणीने हे काम अंगावर घ्यावे. महिन्यातून एकदा दहा गोष्टी उतरवून घ्याव्यात. साध्या कागदावर त्या छापून दोऱ्याने शिवाव्यात आणि जाड पुठ्ठ्याचे वेष्टण घालावे. चार-पाच वर्गणीदार मिळाले तरी हा खर्च भागेल. एक लहान कपाट करावे, आणि त्याला कुलूप लावू नये. पुस्तके फाटतील, हरवतील. फाटलेले पुस्तक मुलांनी हाताळलेले असते. कोरे राहिलेले पुस्तक कोणाच्याच उपयोगी पडलेले नसते.

घरी वाचन कसे घ्यावे

नुसते पुस्तक आणून दिले, नुसता मोबाइल हाती दिला, म्हणजे वाचन येईल असे मात्र समजू नका. यंत्र गोष्ट दाखवील. मुलाजवळ बसण्याचे काम घरच्या माणसालाच करावे लागेल. रोज रात्री अर्धा तास पुरे आहे.

मूल तीन ते सहा वर्षांचे असेल तर त्याला गोष्ट ऐकू द्या व चित्रे पाहू द्या. ऐकलेल्या शब्दांची शिदोरी ज्याच्याजवळ मोठी, त्याला पुढे वाचन सोपे जाते.

अक्षरे शिकविताना सगळी मुळाक्षरे आणि सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत शब्दासाठी थांबू नका. क, म, ल, ब, द, ग, र एवढी सात अक्षरे ओळखता आली की कमल, बदक, मगर, गरम हे शब्द मुलाला वाचता येतात. त्यात काना मिळवला की बाग, मका, कागद हे शब्द येतात. आपण शब्द वाचला, हा आनंद त्याला पहिल्याच आठवड्यात मिळाला पाहिजे. ऱ्हस्व वेलांटीपाशी पुष्कळ मुले अडतात, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. तसेच 'र' हे अक्षर 'सूर्य' मध्ये डोक्यावर चढते आणि 'चक्र' मध्ये पायाशी येते. या जागी मूल चुकले म्हणून त्याला मारू नका, हिणवू नका. अडचण लिपीची आहे, ती हळूहळू सुटते.

पुढची पायरी ओघाची. तीच गोष्ट तीन-चार दिवस लागोपाठ मोठ्याने वाचून घ्या. ओळीखाली बोट फिरवू द्या. प्रत्येक चुकीला थांबवू नका. चौथ्या दिवशी मूल अडखळत नाही, असे तुम्हांला दिसेल. नोटीस वाचणाऱ्या त्या मुलाजवळ हा ओघच नव्हता. अक्षरे लावण्यातच त्याची सारी शक्ती खर्च होत होती आणि अर्थासाठी ती उरत नव्हती.

शेवटची पायरी अर्थाची. गोष्ट संपली की तीन प्रश्न विचारा. काय झाले? का झाले? तू असतास तर काय केले असतेस? आणि मूल दहा-बारा वर्षांचे झाले की गोष्टींच्या जोडीला घरातील खरे कागद त्याच्याकडून वाचून घ्या. विजेचे बिल, रेशनकार्ड, शाळेची सूचना, ग्रामपंचायतीची पावती, सारे वाचून घ्या. ज्या शब्दाचा अर्थ लागणार नाही तो वहीत लिहावयास लावा आणि शिक्षकाला विचारावयास सांगा.

माता-भगिनींपैकी कोणी म्हणतील, "आम्हांलाच येत नाही, आम्ही काय शिकविणार?" त्यांना माझे सांगणे असे की, तुम्ही ऐका. मूल तुम्हांला वाचून दाखवील. जे तुम्हांला कळले नाही, ते त्याला पुन्हा वाचावयास सांगा. कळेपर्यंत वाचून दाखविणे हीच त्याची परीक्षा आहे आणि ती परीक्षा निरक्षर माताही उत्तम घेऊ शकते. कदाचित वर्षभराने तुम्हीही त्याच्याबरोबर वाचू लागाल.

गोष्ट निवडून घ्या

मोफत आहे म्हणून सर्वच उत्तम आहे, असे नाही. गोष्ट मुलाच्या हाती देण्यापूर्वी तुम्ही ती पाहा. तीत काम कोण करतो आणि मान कोणाला मिळतो? काळ्या रंगाचे, गरीब घरचे माणूस नेहमी वेडे किंवा लबाडच दाखविले आहे काय? मुलगी केवळ घरकाम करतानाच दिसते काय? भूत, शकुन, नवस यांचे भय त्यात आहे काय? ज्या पुस्तकात मुलाला आपल्यासारखे घर, आपल्यासारखी आई, आपल्यासारखी वस्ती कधीच दिसत नाही, ते वाचून आपण पुस्तकात येण्याच्या लायकीचे नाही, असा समज त्याच्या मनात मुकाट्याने रुजतो. हैदराबादच्या 'अन्वेषी' या संस्थेने ही उणीव ओळखून 'डिफरंट टेल्स' ही मुलांच्या पुस्तकांची माला २००८ साली काढली. दलित, मुस्लिम व इतर उपेक्षित घरांतील मुले तिच्या कथांच्या केंद्रस्थानी होती. असे काम मराठीत फार व्हावयास पाहिजे.

शाळेचे कर्तव्य

तुम्ही घरी प्रयत्न केले म्हणजे शाळा मोकळी झाली, असे मात्र नाही. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तेथे वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. गोष्टींची पुस्तके हा शब्द त्या कायद्यातच आहे. तेव्हा कपाटाला कुलूप लावून ठेवणारी शाळा कायद्याचा हेतू मोडते.

याच कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या जागी स्त्रिया असल्या पाहिजेत, असे ठरविले आहे. वंचित गटांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावयाचे आहे. नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या काही कुटुंबांना, आपण आता या तरतुदीत येतो की नाही, अशी शंका असते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश झालेला आहे, म्हणून धर्मांतरामुळे हे प्रतिनिधित्व जात नाही. समितीच्या सभेला जा. 'पुस्तके किती आहेत, मागील महिन्यात मुलांच्या हाती किती गेली,' एवढेच दोन प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहावयास लावा. दाद लागली नाही तर कायद्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, आणि त्यांनी ती तीन महिन्यांच्या आत निकालात काढावी, असे बंधन आहे.

मोबाइलविषयी दोन शब्द

मोबाइल मुलाच्या हाती देताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. पहिली, पुस्तक एकदा उतरवून घेतले की इंटरनेट बंद करून ते वाचता येते. त्याने पैसे वाचतात आणि मन इकडे तिकडे धावत नाही. एखाद्या ठिकाणी मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा छायाचित्र मागितले तर तुम्ही स्वतः पाहिल्याखेरीज देऊ देऊ नका. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घेतली पाहिजे, हे तत्त्व संसदेने २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात स्वीकारले आहे. गोष्ट वाचण्यासाठी मुलाची कुंडली कोणाला देण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट मुलींविषयीची आहे. २०२४ च्या ज्या अहवालाचा उल्लेख मी केला, त्यात फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांजवळ स्वतःचा फोन होता, तर मुलींपैकी २६.९ टक्क्यांजवळ होता. आपल्याही घरात हा भेद आहे की नाही, हे ज्याने त्याने पाहावे. रात्रीच्या त्या अर्ध्या तासात बहिणीची पाळी भावाइतकीच असली पाहिजे.

वाचणाऱ्याने लिहावे

शेवटी एका मुलीची आठवण देऊन मी माझे भाषण संपवितो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातील मुलगी शिकत होती. अवघ्या चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तिच्यापाशी ग्रंथालय नव्हते, वीज नव्हती, यंत्र नव्हते. काही वर्षांचे शिक्षण तिला मिळाले होते, आणि तेवढ्या बळावर तिने आपल्या लोकांचे दुःख आपल्या शब्दांत मांडले. आज पावणेदोनशे वर्षांच्या आसपास काळ लोटला, तरी तो निबंध आदराने वाचला जातो.

तुमच्या घरी आजी आहे. तिने पाणवठ्यावर काय सोसले, तिने मुलांना शाळेत कसे घातले, आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातून काय काय बाहेर काढले, हे सारे ती सांगते. त्या गोष्टी मुलांकडून लिहून घ्या. ज्या खुल्या ठिकाणांवरून आपण गोष्टी घेतो, तेथे नवी गोष्ट लिहिण्याची आणि दुसऱ्या भाषेतील गोष्ट मराठीत आणण्याचीही सोय आहे. आज आपण तेथून घेत आहोत, उद्या आपण तेथे देणारे झालो पाहिजे. मग एखाद्या दूरच्या वस्तीतले मूल मोबाइल उघडील आणि त्याला पुस्तकात आपली आजी भेटेल.

त्या सातवीतल्या मुलाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. अपील चालू असता तो प्रत्येक तारखेला आईबरोबर येई. बाहेरच्या बाकावर बसून तो माझ्या मोबाइलवर 'किशोर'चे जुने अंक वाची. निकालाची प्रत मिळाली त्या दिवशी ती मी वाचून दाखवावी म्हणून आईने माझ्यापुढे धरली. मी ती मुलाच्या हाती दिली. त्याने ती अडखळत, पण अर्थ सांगत सांगत आईला वाचून दाखविली आणि 'वारस म्हणून' या शब्दांपाशी आला तेव्हा आईचे व स्वतःचे नाव दोनदा वाचले.

तुमच्या घरातील प्रत्येक मुलाला आपल्या हक्काचा कागद असा वाचता आला पाहिजे. त्यासाठी आज रात्रीपासून अर्धा तास द्या, एवढीच माझी तुम्हांला आग्रहाची विनंती आहे.

जय भीम.